आधी अर्थिंग, मग विजेची शेगडी

माजरीच्या कोणत्याही वस्तीत सकाळी साडेपाचला फिरून पाहा. दाराबाहेर लोखंडी शेगड्या मांडलेल्या दिसतात. खाली गोवरीचा तुकडा, वर दगडी कोळसा, आणि गल्लीभर डोळे झोंबवणारा धूर. धूर ओसरला, कोळसा लाल झाला की शेगडी उचलून घरात नेली जाते. पहिल्या पाळीला जाणाऱ्या माणसाचा डबा वेळेत भरायचा असतो. आम्ही लहानपणापासून हेच पाहत आलो. त्या शेगडीजवळ बसून आई खोकायची, तेही पाहत आलो.

आता बऱ्याच घरांत विजेची शेगडी येऊ लागली आहे. कोणी इंडक्शन घेतले, कोणी तारेचा हीटर वापरतो. सिलिंडर संपला आणि हातात पैसे नसले की विजेवरच भागवले जाते. ही गोष्ट चांगली आहे, पण अर्धवट केली तर जिवावर बेतू शकते. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर विजेची शेगडी घरात नीट कशी बसवायची आणि कमी युनिटात स्वयंपाक कसा करायचा, एवढाच विषय घेतला आहे.

कोळसा लाल झाला, तरी धोका संपत नाही

आपल्याकडे समज आहे की धूर थांबला म्हणजे शेगडी घरात न्यायला हरकत नाही. हा समज चुकीचा आहे. लाल निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत पाणीही येत नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा घेतो. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, झोप येते. हिवाळ्यात दार-खिडकी लावून शेगडी खोलीत ठेवली तर झोपलेली माणसे उठतच नाहीत. कोणाला असे झाले तर आधी दार उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. मात्र शेगडी ठेवलेल्या बंद खोलीत स्वतः श्वास घेत थांबू नका.

रोजच्या धुराचे नुकसान हळूहळू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने घरात कोळसा जाळून निघणाऱ्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात ठेवले आहे. २०१४ साली त्याच संघटनेने सांगितले की कच्चा दगडी कोळसा घरातले इंधन म्हणून वापरूच नये. चीनच्या युनान प्रांतात शुआनवेई हा आपल्यासारखाच कोळशाचा भाग आहे. तिथल्या बायका बिडी-सिगारेट जवळपास ओढत नव्हत्या, तरी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे मरण्याचे प्रमाण चीनमधल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी होते. घरात उघड्यावर कोळसा जळत होता, हे त्याचे कारण निघाले. पुढे तिथे धुराड्याच्या चुली बसल्या, आणि ज्या घरांत धुराडे आले त्या घरांत हा आजार कमी झालेला आढळला. म्हणजे जळणाची पद्धत बदलली की माणसे वाचतात. हे दैवावर सोडायचे काम नाही.

आपल्या गावातून वाघिणी भरून कोळसा वीज केंद्रांकडे जातो. चंद्रपूरजवळ दुर्गापूरचे औष्णिक वीज केंद्र तर आपल्या जिल्ह्यातच आहे. तिथल्या धुराचाही त्रास जिल्ह्याला होतो, तो प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. पण ज्या जिल्ह्यात एवढी वीज तयार होते, तिथल्या बाईने कच्चा कोळसा फुंकत बसावे, हे आम्हाला पटत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. विजेचे धोरण आणि खाणकामगारांचे प्रश्न, दोन्ही त्यांच्या खात्यात होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा पट्ट्यात गेले आणि स्वतः खाणीत उतरले. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. ती वीज आपल्या स्वयंपाकघरात सुरक्षित कशी येईल, हे पाहणे आता आपले काम आहे.

तारेचा हीटर आधी उतरवा

मातीच्या चकतीत तारेचे वेटोळे असलेला हीटर स्वस्त पडतो, म्हणून तो घराघरांत आहे. त्यात तार उघडी असते आणि तिच्यात थेट वीज वाहते. जर्मनचा गंज वर ठेवला, वरण उतू जाऊन तारेवर पडले, आणि हातातली पळी स्टीलची असली की वीज गंजातून पळीत आणि पळीतून अंगात येते. मागच्या पावसाळ्यात आमच्याच गल्लीत असे झाले. बाई ओल्या फरशीवर अनवाणी उभी होती. ती झटक्याने मागे फेकली गेली म्हणून वाचली. हात भाजला, महिनाभर भाकर थापता आली नाही. नंतर पाहिले तर हीटरच्या वायरला दोनच पिना होत्या. तिसरी, अर्थिंगची पिन कोणीतरी कापून टाकली होती, कारण बोर्डात ती बसत नव्हती.

असा हीटर घरात असेल तर तो काढून टाका. नवी शेगडी येईपर्यंत वापरणे भागच असेल तर एक नियम पाळा. भांडे ठेवताना, हलवताना, उतरवताना आधी बटण बंद करा आणि पिन बाहेर काढा. बटण न्यूट्रलवर लागलेले असेल तर बटण बंद केल्यावरही तारेत वीज राहते, म्हणून पिन काढणे महत्त्वाचे. पायात कोरडी चप्पल असू द्या.

कोणाला विजेचा धक्का बसून तो चिकटून राहिला तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. तो जवळ नसेल तर कोरड्या लाकडी काठीने माणसाला तारेपासून दूर करा, मग १०८ ला फोन करा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, तेल काहीही लावू नका.

शेगडीपेक्षा आधी वायरिंग

आमच्या घरी इंडक्शन आणले तेव्हा आम्हीही चूक केली. खोक्यातून काढले आणि टीव्हीच्या बोर्डात पिन खुपसली. तीन-चार दिवसांत बोर्ड पिवळा पडला, जळका वास येऊ लागला. सासूबाईंनी वेळेवर ओळखले म्हणून निभावले.

कारण सोपे आहे. २००० वॅटची शेगडी पूर्ण जोरावर साधारण ९ अँपिअर वीज ओढते. पंखा, टीव्ही, मोबाइलचा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. जास्त ओझे पडले की तो तापतो, वितळतो आणि पेट घेतो. एक्सटेन्शन बोर्डावर तर ही शेगडी कधीच लावू नये. वायरमनकडून पुढची कामे करून घ्या.

पहिले, शेगडीसाठी वेगळी लाइन. मीटरजवळच्या बोर्डापासून स्वयंपाकाच्या जागेपर्यंत कमीत कमी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, अंतर लांब असेल तर ४ ची. शेवटी १६ अँपिअरचा, तीन मोठ्या छिद्रांचा सॉकेट आणि त्या लाइनला १६ अँपिअरचा एमसीबी. दुसरे कोणतेही यंत्र त्या लाइनवर नको.

दुसरे, अर्थिंग. हे सगळ्यांत महत्त्वाचे आणि सगळ्यांत जास्त टाळले जाणारे काम आहे. घराबाहेर खड्डा घेऊन त्यात लोखंडी पाइप किंवा पत्रा, भोवती कोळसा-मिठाचे थर, आणि तिथून जाड तार बोर्डापर्यंत. नळाच्या पाइपला तार बांधणे म्हणजे अर्थिंग नव्हे. न्यूट्रललाच अर्थ जोडून देणारा वायरमन असेल तर त्याला थांबवा. काम झाल्यावर मल्टीमीटर लावून दाखवायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये जितका व्होल्टेज दिसतो, जवळपास तितकाच फेज आणि अर्थमध्ये दिसला पाहिजे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, जमीन कोरडी पडते आणि कोरड्या जमिनीत अर्थिंग काम करत नाही. म्हणून फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत त्या खड्ड्यात रोज एक बादली पाणी टाका. भांडी धुतलेले पाणीही चालते.

तिसरे, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. अंगातून वीज जाऊ लागली की हा स्विच डोळ्याची पापणी लवायच्या आत पुरवठा तोडतो. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. त्यावर चाचणीचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून तो पडतो की नाही ते पाहा.

चौथे, बिलावरचा 'मंजूर भार' वाचा. शेगडी, कूलर आणि पाण्याची मोटर एकाच वेळी चालवायची असेल तर तो पुरेसा आहे का ते वायरमनला विचारा, कमी असेल तर वाढवून घ्या. कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहत असाल तर परस्पर वायर ओढू नका, तिथल्या वीज विभागाला सांगूनच काम करा. आकड्याच्या विजेवर तर अशी शेगडी लावूच नका. त्या तारेला ना एमसीबी, ना आरसीसीबी, ना अर्थिंग. वस्तीत ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनी मीटरसाठी अर्ज करावा, आणि ज्यांना कागद भरता येतात त्यांनी शेजाऱ्यांचे भरून द्यावेत.

आमच्या घरी या कामाला शेगडीच्या किमतीएवढाच खर्च आला. तेव्हा जड वाटला. पण पैसे एकदम नसतील तर क्रम असा ठेवा: आधी अर्थिंग आणि आरसीसीबी, मग वेगळी लाइन, शेवटी शेगडी.

कोणती शेगडी, कोणती भांडी

इंडक्शनमध्ये काच स्वतः तापत नाही, थेट भांड्याचा तळ तापतो. म्हणून वीज कमी वाया जाते. पण त्याला चुंबक चिकटेल अशाच तळाचे भांडे लागते. फ्रिजवरचे चुंबक घेऊन बाजारात जा. तळाला घट्ट चिकटले तर भांडे चालेल. जर्मनचा गंज, पितळेचे पातेले, तांब्याचा तांब्या चालणार नाही. लोखंडी तवा, बिडाचा तवा, इंडक्शन तळाचा कुकर चालतो. मात्र तळ सपाट हवा. सगळी भांडी बदलायची गरज नाही. एक कुकर, एक पातेले, एक तवा आणि एक कढई एवढ्यात रोजचे भागते.

इन्फ्रारेड शेगडीवर कोणतेही सपाट भांडे चालते. तिची काच लाल होऊन तापते आणि बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते. वीज इंडक्शनपेक्षा थोडी जास्त जाते. घरात लहान लेकरे असतील तर हे लक्षात घ्या.

शेगडी पक्क्या ओट्यावर किंवा सपाट पाटावर ठेवा. खाली कापड, वर्तमानपत्र किंवा प्लास्टिक नको, कारण हवा आत घेणारी छिद्रे खाली असतात. भिंतीपासून वीतभर जागा सोडा. पाण्याच्या माठापासून आणि मोरीपासून लांब ठेवा. ओल्या हाताने पिन लावू नका. काचेला तडा गेला तर वापर तिथेच थांबवा. ज्यांना हृदयाचा पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी इंडक्शनजवळ काम करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

कमी युनिटात स्वयंपाक

एक हजार वॅटची शेगडी तासभर चालली की एक युनिट. दोन हजार वॅटवर अर्ध्या तासातच एक युनिट. एवढा हिशेब घरातल्या प्रत्येकाला आला पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. एक लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला इंडक्शनवर साधारण ०.१ युनिट लागते. तेच एक लिटर पाणी वाफ करून उडवायला आणखी पाऊण युनिटाच्या आसपास, म्हणजे सातपट वीज जाते. उघड्या भांड्यात खळखळ उकळत ठेवले तर डाळ लवकर शिजत नाही. पाणी उकळल्यावर त्याचे तापमान वाढत नाही, फक्त वाफ जाते आणि मीटर फिरते. म्हणून उकळी येईपर्यंत जोरात, उकळी आली की झाकण ठेवून मंद. सगळी बचत इथेच आहे.

तुरीची डाळ अर्धा-एक तास, तांदूळ वीस मिनिटे भिजत घाला. हरभरा, वाटाणा, वाल रात्रीच भिजवा. कुकरमध्ये आतले तापमान १२० अंशांच्या जवळ जाते, म्हणून वेळ निम्म्याहून कमी लागतो. एकाच कुकरात खाली डाळ, वरच्या डब्यात भात लावा. पहिल्या शिट्टीपर्यंत १२०० ते १५०० वॅट, मग ४०० ते ५०० वर आणा. शिट्ट्या मोजत बसू नका, मिनिटे मोजा. बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या, त्या दहा मिनिटांत फुकटात शिजते.

भात पातेल्यात करत असाल तर पाणी आटत आले की उतरवा, झाकणासकट जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवा. वीस मिनिटांत मोकळा भात मिळतो. चहाचे पाणी मोजून घ्या. चार कपांसाठी गंजभर पाणी तापवू नका.

भाजी कढईत परतताना ८०० वॅट पुरे. इंडक्शनवर फोडणी पटकन करपते, म्हणून तेल आणि मोहरी सोबतच टाका आणि आधी सांबार-मिरची चिरून हाताशी ठेवा. काम थांबले की शेगडीही थांबवा.

भाकरीचे काय, असे प्रत्येक बाई विचारते. ज्वारीची भाकर इंडक्शनवर होते, पण चुलीसारखी टम्म फुगत नाही. जाड सपाट लोखंडी तवा पाच मिनिटे मध्यम आचेवर तापवा. भाकर टाकून वरून पाणी फिरवा, उलटा, मग कापडाच्या बोळ्याने कडा दाबत फिरवा. चार-पाच दिवसांत हात बसतो. वांग्याच्या भरितासाठी वांगे भाजायचे असेल तर ते अंगणात, मोकळ्या हवेत भाजावे, घरात नको.

ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जाणारे पाहुणे आमच्याकडे उतरतात. दहा-बारा माणसांचे जेवण एका विजेच्या शेगडीवर रेटू नये. तासन्‌तास पूर्ण जोरावर चालवले की शेगडीही तापते आणि वायरही. अशा वेळी गॅस आणि वीज दोन्ही वापरा.

बिलाचा हिशेब

१४.२ किलोच्या सिलिंडरवर जितका स्वयंपाक होतो, तितकाच इंडक्शनवर करायला साधारण ११० ते १३० युनिट लागतात. आपल्या बिलात ० ते १००, १०१ ते ३०० असे टप्पे असतात आणि शंभराच्या पुढच्या युनिटांचा दर बराच वाढतो. त्यामुळे 'वीज स्वस्त की गॅस' याचे उत्तर प्रत्येक घराचे वेगळे आहे. मागच्या वर्षाची बिले काढा. ज्या घरी महिन्याला ५०-६० युनिटच जातात, त्यांनी चहा आणि कुकर विजेवर नेला तरी बहुधा ते शंभराच्या आत राहतील. उन्हाळ्यात कूलरमुळे जे शंभराच्या पुढे गेलेलेच असतात, त्यांनी त्या दिवसांत विजेवर फक्त गरजेपुरते करावे.

आम्ही सिलिंडर सोडा असे म्हणत नाही. वादळात वीज जाते, व्होल्टेज पडतो. गॅस आणि वीज दोन्ही घरात असावेत. सुटायला हवी ती कोळशाची शेगडी, निदान चार भिंतींच्या आत तरी.

येत्या रविवारी

एकट्याने वायरमन बोलावला तर तो महाग पडतो. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी मिळून बोलावला तर एका दिवसात सगळ्यांचे काम होते, आणि सामानही एकत्र घेता येते. येत्या रविवारी विहारात वंदना झाली की अर्धा तास याच विषयावर बसा. कोणाच्या घरी तारेचा हीटर आहे, कोणाच्या बोर्डाला तिसरे छिद्र नाही, याची यादी करा. म्हातारी माणसे एकटी राहतात त्या घरांपासून सुरुवात करा. शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींना मल्टीमीटर धरायला शिकवा.

आणि विहाराचा बोर्डही तपासा. तिथेही आपण खीर शिजवतो.